डेडस्टॉकातली काठी

"आमचे हे घरी क्यू दुरुस्त करत बसलेत," असं आमच्या हिने फोनवर बहिणीला सांगितलं, तेव्हा पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "अगं बाई! भाऊजी बँकेतलं काम आता घरी आणायला लागले की काय?"

मेव्हणीचं काही चुकलं नाही. बावीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूने क्यूकडे बघतो आहे, आणि तो क्यू दुरुस्तीपलीकडचा आहे याबद्दल माझं आणि ग्राहकांचं एकमत आहे. मी दुरुस्त करत होतो तो क्यू निराळा. बिलियर्ड नि स्नूकर खेळतात ती काठी. इंग्रजीत तिचं स्पेलिंग वेगळं आहे, पण फोनवर स्पेलिंग ऐकू येत नाही. म्हणून या लेखापुरतं मी तिला काठीच म्हणणार आहे. मेव्हणीला नव्हे, क्यूला.

तर मी भांडायला बसलो आहे. एरवी मी भांडखोर नाही. पासबुक छापायच्या मशीनपुढे ज्याने इतकी वर्षं काढली तो मनुष्य भांडखोर राहूच शकत नाही. पण 'नवीनच घ्या ना' हे तीन शब्द कानावर आले की हल्ली माझं पित्त खवळतं. छत्रीची काडी मोडली, नवीनच घ्या ना. मिक्सर घरघरतो, नवीनच घ्या ना. चपलेचा अंगठा तुटला म्हणून चिरंजीवांना चांभाराकडे पाठवलं, तर ते नवीन चप्पल घालून परत आले आणि वर मलाच म्हणाले, "बाबा, वेळेची पण किंमत असते." हा मुलगा दुपारी तीन तास उताणा पडून असतो.

छत्री, चप्पल वगैरे मी सोडून देतो. काठीच्या बाबतीत सोडणार नाही, कारण त्या प्रकरणात पहिला गुन्हेगार मी स्वतः आहे. माझी सही आहे.

आमच्या जिल्ह्याच्या गावी साहेबाच्या वेळचा एक क्लब आहे. साहेब गेला, पण बिलियर्डचं टेबल काही त्याला बोटीवर चढवता आलं नसावं. बारा फूट बाय सहा फूट, हिरव्या कापडाखाली दगडी पाट्या. एके काळी तिथे कलेक्टर खेळायचे. आता वकील, दोन दाताचे डॉक्टर, एक सिमेंटवाले आणि मी. मला सभासद करून घेतलं त्यामागे माझा खेळ नव्हता. बँकेत आहे म्हणजे हिशोब येत असणार, असा एक गैरसमज समाजात आहे. शिवाय बी.कॉम. तेव्हा मानद खजिनदार मीच.

हा खेळ साहेबाचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्नूकरचा जन्मच आपल्याकडचा. १८७५ साली जबलपूरला, पावसाने कोंडलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने तो काढला असं मानतात. (पुढे पंतप्रधान झालेला तो हा नव्हे. हा फार उपयोगी माणूस होता.) आणि कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेता झालेला पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स. बिलियर्ड, हौशी गट, १९५८ साली कलकत्त्याला. १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन पुन्हा तेच. जन्म पुण्याचा, १९२२ चा. पुण्याच्या माणसाने जगाला दोनदा हरवलं आणि त्याचा गावात फारसा गवगवा झाला नाही, ही घटना मला जगज्जेतेपदाइतकीच विलक्षण वाटते.

असो. क्लबात एक मार्कर होते. मार्कर म्हणजे कागदोपत्री गुण मोजणारा नोकर. गुण फळ्यावर सरकवायचे, चेंडू पुन्हा जागेवर लावायचे, रात्री कापडाला ब्रश मारून टेबल झाकायचं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. ते आम्हाला 'साहेब' म्हणायचे आणि आमचा खेळ बघताना खिडकीबाहेर बघायचे. मामा आणखी एक काम करत, ते त्यांच्या नेमणुकीच्या कागदात नव्हतं. दर सोमवारी, क्लब बंद असे तेव्हा, मागच्या पडवीत बसून ते काठ्या दुरुस्त करत. कुणाची टिप बदल, कुणाचं पितळ बसव, कुणाला तेल चोळ. आम्ही मंगळवारी जात असू आणि काठ्या नीट असत. सूर्य उगवतो तशा त्या नीट असतात असं आम्ही धरून चाललो होतो.

२०१४ साली मामा साठ वर्षांचे होऊन निवृत्त झाले. त्या वर्षीच्या सभेत खजिनदारांनी, म्हणजे अस्मादिकांनी, एक टिपण मांडलं की गुण आता सभासद स्वतः मोजू शकतात, सबब मार्करचे पद रिकामे ठेवल्यास वार्षिक मानधनाची बचत होईल. टिपणाला टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यात टाळ्या पडलेलं हे एकमेव टिपण.

त्यानंतर नऊ वर्षांनी, मार्च २०२३ अखेर, डेडस्टॉक रजिस्टराची तपासणी निघाली. ज्यांनी कधी कचेरीत काम केलेलं नाही त्यांना सांगतो, डेडस्टॉक म्हणजे खुर्च्या, कपाटं, घड्याळं अशा टिकाऊ वस्तू. यांना मृत का म्हणतात हे मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नाही. रजिस्टरात अकरा काठ्या होत्या, प्रत्येकीची पुस्तकी किंमत एक रुपया. आमच्याकडे घसारा सरळ रेषा पद्धतीने काढतात. दरवर्षी ठरावीक रक्कम वजा करत जायची आणि शेवटी, वस्तू अजून जागेवर आहे याची आठवण म्हणून, एक रुपया ठेवायचा. या पद्धतीत गंमत अशी की काठी वाकडी असो वा सरळ, घसारा सरळ रेषेतच होतो. प्रत्यक्षात ती काठी कुणाच्या हातात कशी चालते आहे हे बघायला घसाऱ्याला तिथे जावं लागत नाही.

"अकराच्या अकरा निरुपयोगी आहेत," चिटणीस म्हणाले. "नवीनच घ्या ना." मी 'शेरा' या रकान्यात 'निरुपयोगी, निर्लेखित' असं लिहिलं आणि सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

बँकेत मला एक खोड लागली आहे, सही केल्यावर मोजायचं. आधी मोजायला हवं, पण ते असो. सभा संपल्यावर त्या काठ्या एकेक करून बघितल्या. सात काठ्यांची नुसती टिप गेलेली होती. दोघींचं टोकाचं पितळी टोपण हलत होतं. एक खरोखर वाकडी होती आणि एक मोडकी. म्हणजे अकरा मृतांपैकी नऊ जणांना सर्दी होती.

इथे टिपेबद्दल सांगायलाच हवं. काठीच्या टोकाला, पितळी टोपणावर, करंगळीच्या नखाएवढी चामड्याची चकती चिकटवलेली असते. स्नूकरच्या काठीला नऊ-दहा मिलिमीटरची, पूलच्या काठीला त्याहून मोठी. चेंडूला लागते ती ही चकती, काठी नव्हे. तिला खडू लावून चेंडूच्या कडेला मारलं की चेंडू फिरतो, मागे येतो, वळतो. ती नसेल तर पितळ चेंडूवरून घसरतं आणि हिरवं कापड फाटतं. या चकतीचं श्रेय मँगो नावाच्या एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याला देतात. आंब्याशी संबंध नाही, आडनावच तसं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तुरुंगात होता, तिथे टेबल होतं, आणि आख्यायिका अशी की शिक्षा संपल्यावर, माझा अभ्यास पुरा व्हायचा आहे, आणखी थोडे दिवस ठेवून घ्या, म्हणाला. एका माणसाने तुरुंगात बसून जी चकती बसवली ती आमच्या समितीला नऊ वर्षांत मोकळ्या हवेत बसवता आली नाही. कारण ती बसवणाऱ्याचं मानधन आम्ही वाचवलं होतं! रजिस्टरात मानधनाची बचत एका पानावर आणि काठ्यांचं निर्लेखन दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं माझ्याच हातची, आणि दोन्ही एकदम उघडी ठेवून कुणी वाचत नाही. लेखापरीक्षकसुद्धा नाही.

नवीन काठ्या आल्या. त्यांची टिप स्क्रूची. मळसूत्राने पिळून बसवायची, झिजली की उलटी पिळून काढायची. चिटणीसांना कोण आनंद! गाववस्तीच्या पूल पार्लरात, जिथे दिवसाला पन्नास पोरं काठ्या आपटतात, तिथे ही सोय ठीक आहे हे मी मान्य करतो. पण तो स्क्रू पंधरा दिवसांत सैल होतो आणि मारताना खट् असा आवाज येतो. काठी चेंडूला लागल्याचं जे हाताला कळावं लागतं ते कळतच नाही. कवळी घालून ऊस खाण्यातला प्रकार. आमच्यातल्या दाताच्या डॉक्टरांना ही उपमा आवडली नाही.

मी त्या अकरांतली एक काठी विकत घेतली. पुस्तकी किमतीला. रीतसर एक रुपया भरला, स्वतःच पावती फाडली आणि स्वतःलाच दिली. ही तीच काठी, जी पहिल्या दिवशी मामांनी माझ्या हातात दिली होती. ॲश लाकडाची. या लाकडावर बाणाच्या टोकांसारख्या रेषा असतात. बाण वर ठेवून धरायचं, म्हणजे दर वेळी काठी हातात एकसारखी बसते, हे मामांनीच शिकवलेलं. माझ्या आजवरच्या सगळ्या चुका तिला पाठ आहेत. नवीन काठीला त्या पहिल्यापासून शिकवायच्या म्हणजे काय!

हा हळवेपणा नव्हे. स्टीफन हेंड्री नावाचा स्कॉटलंडचा खेळाडू. १९९० ते १९९९ या काळात सात वेळा जगज्जेता झाला. त्याची काठी पोरवयात घेतलेली, अगदी स्वस्तातली. जगातला कुठलाही कारखाना त्याला फुकट काठी द्यायला तयार असता. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली. त्यानंतर जगज्जेतेपद त्याला पुन्हा मिळालं नाही. काठीमुळेच असं मी म्हणत नाही, वय कुणाला चुकलं आहे? पण त्या काठीची पुस्तकी किंमत काढायला आमच्या समितीला बोलावलं असतं तर आम्ही एक रुपयाच लावला असता.

आता घरची दुरुस्ती. 'घरी कशाला, तज्ज्ञाकडे द्या' म्हणणारा दुसरा पक्ष असतो. त्याचं अर्धं म्हणणं मी कबूल करतो, कारण घरच्या दुरुस्तीविरुद्धचा सगळ्यात जबरदस्त पुरावा म्हणजे घरी दुरुस्ती करणारा माणूस. रविवारी सकाळी मी एक सँडपेपर, एक ब्लेड, झटपट चिकटणारा गोंद आणि अफाट उत्साह घेऊन बसलो. चकती चिकटवली, ती पितळाच्या कडेबाहेर थोडी आली, म्हणून सँडपेपर गुंडाळून गोल गोल घासत सुटलो. घासताना मनुष्याला फार बरं वाटतं. काहीतरी काम होतंय असं वाटतं. चामडं संपलं, पितळ लागलं, पितळ संपत आलं, लाकूड लागलं, तरी मी घासतोच आहे. मधे एकदा माझा अंगठा नि तर्जनी गोंदाने एकत्र आली, तेव्हा दहा मिनिटं काठीला विश्रांती मिळाली. संध्याकाळी क्लबात पहिल्याच फटक्याला टिप उडाली आणि सिमेंटवाल्यांच्या चहात पडली.

मग मामांकडे गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा. जाताना वाटेत तीनदा सायकलवरून उतरलो. सायकल ठीक होती.

मामांनी ते टिपण, त्या टाळ्या, काहीसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी काठी बघितलीच नाही, टोकावरून नुसतं नख फिरवलं. म्हणाले, "साहेब, किती तासलंत हो?"

"चुकून झालं, मामा."

"चुकून एवढं होत नाही. यापुढे सँडपेपर काठीला लावायचा नाही. पाटावर पसरायचा आणि चकतीचं बूड त्यावर घासायचं. काठीचं टोक फक्त खरवडून साफ करायचं, जुना गोंद मुळीच ठेवायचा नाही. जुन्या गोंदावर नवा गोंद म्हणजे..." पुढची म्हण त्यांनी माझ्या पदाचा मान राखून गिळली.

त्यानंतर दीड तास ते सांगत होते आणि मी, बँकेत कधी लिहून घेतलं नसेल इतक्या तपशिलाने, लिहून घेत होतो. गोंद अगदी पातळ लावून, दाबून, रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी काठी उलटी धरून टिप लाकडी पाटावर दाबायची आणि नव्या ब्लेडने बाहेर आलेलं चामडं वरून खाली कापायचं, पितळाला ओरखडा न काढता. हलणारं टोपण सावकाश काढून, आतला मळ खरवडून, ॲरल्डाइटने पुन्हा बसवायचं. लाकडाला खोक पडली असेल तर ओलं फडकं ठेवून वर क्षणभर गरम इस्त्री टेकवायची. दबलेलं लाकूड वाफेने फुगून वर येतं. शेवटी जवसाचं तेल, चार थेंब, आणि लावलं त्याहून जास्त पुसून काढायचं. तेलाचा बोळा चुरगाळून टाकायचा नाही, अंगणात पसरून वाळवायचा. तसाच राहिला तर आपोआप तापून पेट घेतो. आणि काठी भिंतीला तिरकी टेकवायची नाही, ती तशीच वाकत जाते.

"वाकलेली असली तर कुकरच्या वाफेवर धरून सरळ होते म्हणतात," मी शेजाऱ्यांचं मत मांडलं.

"होते की. पावसाळ्यापर्यंत."

वाकडी काठी, चिरलेली काठी ही खरंच तज्ज्ञाकडची कामं, आणि तो तज्ज्ञ मुंबई-पुण्याला. बाकी नव्वद टक्के दुरुस्ती म्हणजे काय करायचं नाही याची यादी आहे. ती शिकायला कारखाना लागत नाही. मामांचा अर्धा दिवस लागतो, आणि मामा मात्र असावे लागतात.

निघताना त्यांनी विचारलं, "बाकीच्या दहा कुठे आहेत?"

मी म्हटलं, "आहेत." हे संपूर्ण सत्य नव्हतं. क्लबाच्या माळ्याने त्यांतल्या दोन दुधी भोपळ्याच्या मांडवाला लावल्या होत्या. वाकडी आणि मोडकी, त्यामुळे मी त्याला दोष देत नाही. त्याने निवड समितीपेक्षा डोळसपणे केली होती.

दुसरी दुरुस्ती आमच्या स्वयंपाकघरात झाली. घरात लाकडी पाट नव्हता, तेव्हा पोळपाट. त्यावर हिचा पहिला आक्षेप. पितळ उजळायला चिंच, त्यावर दुसरा. इस्त्रीखाली धरायला कुठलं फडकं घेतलं, यावर तिसरा आणि सगळ्यांत जोरदार. टिपेला गोलावा द्यायची वेळ आली. अमेरिकेत तो डाइम किंवा निकेल नाण्याच्या कडेशी ताडून बघतात. आपला हल्लीचा रुपया निकेलच्या जवळपास बसतो. मी खिसे चाचपले. मोबाइलवरून पैसे द्यायची सवय लागल्यापासून खिशात नाणं सापडत नाही, आणि एक होतं ते क्लबात भरून पावती घेतलेली. शेवटी देवघरातल्या सव्वा रुपयावर नजर गेली. त्यातला पावला सरकारने २०११ सालीच बाद केला आहे, तो देवालाच चालतो. उरलेला रुपया उचलला. टिप त्याच्या कडेला लावून बघितली, इथे किंचित, तिथे किंचित, आणि हात आवरला. हात आवरणं हे पूर्ण दुरुस्तीतलं सगळ्यांत अवघड काम.

"एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीनच..." ही म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. मग स्वतःच काठी उचलून खिडकीच्या उजेडात, एक डोळा मिटून, टोकापर्यंत बघून म्हणाली, "सरळ आहे की हो अगदी." मी तिला हे बघायला कधी शिकवलं नव्हतं. लाटणी अशीच पारखून घेतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी मी मामांना क्लबात घेऊन गेलो. ते पाहुणे म्हणून आल्याची नोंद केली, पाहुण्याचं शुल्क मी भरलं. त्यांनी काठी घेतली, बाण वर केले, खडू मागितला आणि पांढरा चेंडू अशा ठिकाणी मारला की तो काळ्याला स्पर्श करून शहाण्यासारखा परत आला. खट् आवाज नाही. वकीलसाहेब 'वा' म्हणाले. मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

पुढच्या सभेत मी तीन मागण्या ठेवल्या. टिपा, गोंद आणि तेल यांना वार्षिक तरतूद. मामांना आठवड्यातून एक दुपार मानधनावर बोलावणे, सोबत शिकायला एक तरुण मुलगा. आणि २०१४ चं खजिनदारांचं टिपण चुकीचं होतं अशी इतिवृत्तात नोंद. पहिली मंजूर झाली. दुसरी पुढील सभेवर ढकलली. तिसरीला चिटणीस म्हणाले, "अहो, टाळ्या पडल्या होत्या त्याला, आता कसं मागे घेता येईल?"

जिन्याखालच्या आठ काठ्या मी घरी आणल्या आहेत. त्या कुठेही तिरक्या टेकवायच्या नाहीत असं सांगितल्यापासून आमच्या घरात माणसांना टेकायला जागा उरलेली नाही. दुरुस्त झालेली पहिली काठी मी क्लबाला देणगी दिली आणि डेडस्टॉक रजिस्टरात नव्याने चढवली, किंमत एक रुपया. लेखापरीक्षकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं आहे, 'सदर वस्तू याच रजिस्टरात मागील पानावर निर्लेखित दिसते. परत कशी आली? खुलासा करावा.' मुदत पंधरा दिवसांची आहे. मी मामांना विचारलं काय लिहू. ते म्हणाले, आधी त्या आठांचं बघा.